गुहा म्हटलं की पांडवलेणी: देहगुहा शिकवतानाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला बायो शिकवते. क्लासचं नाव, मुलांची नावं काहीच देत नाहीये, कोण कुठलं एवढंच सांगते. बॅच 38 जणांची, निम्म्याहून जास्त पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून एसटीने येणारी, बाकीची सिडको, सातपूर, इंदिरानगरची.

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांचं वर्गीकरण हा धडा मराठीत होऊन गेलेला असतो. त्यात देहगुहा येते, तिचे तीन प्रकार येतात, देहगुहाहीन, फसवी आणि सत्य, आणि कुठला प्राणी कशात ते टेबल येतं. अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत, मग तीच देहगुहा सीलोम होऊन येते, आणि स्पेलिंग असं की पहिल्या दिवशी अर्धा वर्ग कोएलोम वाचतो. हसू येतं पण चूक त्यांची नाही.

ज्यांचा विषय सुटलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. गर्भात सुरुवातीला पेशींचे थर तयार होतात, बाहेरचा बाह्यस्तर, आतला अंतःस्तर आणि बहुतेक प्राण्यांत या दोघांच्या मधे मध्यस्तर. शरीराची भिंत आणि अन्ननलिका यांच्यामधे जी पोकळी असते ती देहगुहा, आणि तिला सगळीकडून मध्यस्तराचं आवरण असेल तर ती सत्य. गांडूळ, गोगलगाय, तारामासा, आपण, सगळे यात. गोलकृमींची पोकळी असते पण आवरण अर्धवट, म्हणून फसवी. चपट्या कृमींना पोकळीच नाही, मधली जागा पेशींनी गच्च भरलेली. सीलोम हा शब्द हेकेलने 1872 मध्ये आणला, मूळ ग्रीक, अर्थ पोकळ.

नेमका प्रॉब्लेम

ऑगस्टमध्ये या धड्यावर टेस्ट घेतली, 20 एमसीक्यू. निकाल मस्त. लिव्हर फ्लूक (यकृतात राहणारी चपटी कृमी) देहगुहाहीन, जंत फसवी, गांडूळ सत्य, धडाधड बरोबर. शेवटी मी सहज म्हणून एक जास्तीचा प्रश्न टाकला होता, मार्क नसलेला. तुमच्या स्वतःच्या शरीरात देहगुहा कुठे आहे, एका ओळीत लिहा.

38 पैकी 19 जणांनी लिहिलं जठर, किंवा पोट जिथे अन्न जातं तिथे, एकाने तर तोंडापासून गुदद्वारापर्यंत असं सविस्तर लिहिलं. चौघांनी हृदयाचे कप्पे. एकाने कवटी (हे उत्तर वाटतं तेवढं वेडं नाही, ॲनाटॉमीत कवटीची पोकळी मोजतातच, फक्त ती देहगुहा नव्हे). सात जणांनी जागा कोरी सोडली. उरलेले सात बरोबर किंवा बरोबरच्या जवळपास. म्हणजे टेबल पाठ आणि स्वतःच्या पोटात काय आहे त्याचा पत्ता नाही.

मला राग आला, आधी पोरांचा आणि मग घरी पेपर परत चाळताना स्वतःचा. कारण ते 19 जण मूर्खासारखे चुकले नव्हते, विचार करून चुकले होते. गुहा म्हटलं की नाशिकच्या पोराला पांडवलेणी आठवणार नाहीतर पंचवटीतली सीता गुंफा. दोन्हीकडे बाहेरून आत जायला वाट आहे. आता शरीरात बाहेरून आत जायला वाट असलेली पोकळी कुठली, तर तोंडाची. झालं, अन्ननलिका म्हणजे देहगुहा. शब्दावरून सरळ तर्क केला तर दुसरं काही निघतच नाही. देहगुहेला लेण्यासारखं तोंड नसतं हे मी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं मला कधी वाटलंच नाही. (बारकावा काढणाऱ्यांसाठी: गांडुळाच्या पाठीवर देहगुहेतून बाहेर उघडणारी सूक्ष्म छिद्रं असतात, आणि बायकांमध्ये गर्भनलिकांची टोकं उदराच्या पोकळीत उघडतात, पण म्हणून तिथून कोणी आत शिरत नाही.)

काय काय पर्याय होते

पहिला, सोडून देणे. मार्क तर आलेत. क्लासमधल्या एका सीनियर सरांचं स्पष्ट मत, मॅडम नीटला माणसाची देहगुहा कुठे असं कोणी विचारत नाही, पुढे चला, सिलॅबस मागे पडलाय. खोटं नाही, आम्ही खरंच दोन आठवडे मागे होतो.

दुसरा, तेच लेक्चर परत. फळ्यावर तीन गोल काढायचे, रंगीत खडू. पण ते तीन गोल आडव्या कापाचे असतात आणि पोरांना तो काप कशाचा हेच दिसत नाही, केकचा तुकडा बघून केक गोल होता की चौकोनी हे ओळखायला सांगितल्यासारखं. आधी तेच झालं होतं.

तिसरा, खरं काहीतरी उघडून दाखवायचं. बेडूक, झुरळ वगैरेचं विच्छेदन आता करत नाहीत आणि मला स्वतःलाही ते नको. सातपूरचा एक जण म्हणाला मॅडम माझ्या मामाचं चिकनचं दुकान आहे, सगळ्यांना नेतो. आयडिया भारी होती पण तेव्हा श्रावण चालू, शिवाय वर्गात शाकाहारी घरातली बरीच मुलं, पालकांचे फोन आले असते. रद्द.

चौथा, हाताने मॉडेल करायचं. हा निवडला, आणि पहिल्या फटक्यात तोंडावर पडले.

पहिला प्रयत्न, जो फसला

पाण्याच्या तीन बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत मधोमध सलाईनची नळी, ती अन्ननलिका. पहिलीत ओला कापूस गच्च भरला, ही चपटी कृमी. दुसरीत नुसतं पाणी, ही गोलकृमी. तिसरीत पाणी, शिवाय बाटलीला आतून आणि नळीला बाहेरून पातळ प्लास्टिक चिकटवलं, हे मध्यस्तराचं आवरण, सत्य देहगुहा. टेबलावर पाणी सांडलं ते सोडा. खरी गडबड अशी की घरात एक लिटरच्या दोनच बाटल्या होत्या, म्हणून तिसरी मी दोन लिटरची घेतली होती, आणि पारदर्शक प्लास्टिक मागच्या बेंचवरून काही दिसेना. दुसऱ्या दिवशी विचारलं, फसवी आणि सत्य यात फरक काय? उत्तर एकसुरात, मॅडम सत्य मोठी असते.

एक गैरसमज काढायला गेले आणि दुसरा माझ्याच हाताने पेरला. मॉडेलमध्ये जो फरक आपल्याला नकोय तोच पोरांना सगळ्यात आधी दिसतो हे मला तेव्हा कळलं.

अस्तर

मी वैतागून परत समजावत होते की साइजचा संबंध नाही, पोकळीला आतून काय लावलंय ते महत्त्वाचं, तेव्हा सिडकोतली एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "म्हणजे अस्तर का मॅडम?" तिची आई घरी ब्लाऊज शिवते.

अस्तर! मी इतकी वर्षं लायनिंग लायनिंग करत होते आणि शब्द घरात पडलेला.

दोन दिवसांनी ती पिशवीतून तीन बाह्या घेऊन आली, आईने कटपीसच्या शिवलेल्या. बाहेरून हिरवं कापड, आत पिवळ्या कापडाची बारीक नळी, आणि लाल म्हणजे मध्यस्तर. पहिल्या बाहीत हिरव्या-पिवळ्याच्या मधे लाल चिंध्या दाबून भरलेल्या, बोट घालायला जागा नाही. दुसरीत लाल अस्तर फक्त हिरव्याला आतून लावलेलं, पिवळी नळी उघडी. तिसरीत लाल दोन्हीकडे, हिरव्याला आतून आणि पिवळीला बाहेरून. हात घातला तर सगळीकडे लालच लाल लागतं. तिन्ही बाह्या एकाच मापाच्या, हे मी मुद्दाम सांगून ठेवलं होतं.

पण खरी मजा पुढे आहे. तिसऱ्या बाहीत पिवळी नळी सारखी खाली घसरत होती, पोकळी आहे ना, धरायला काही नाही. म्हणून तिच्या आईने लाल कापडाची दुहेरी पट्टी करून नळी वरच्या बाजूला बाहीला टाचली. तिला सुचलं ते टाका म्हणून, आणि आपल्या पोटात हेच असतं, मेसेंटरी, आतड्याला पाठीमागच्या भिंतीशी धरून ठेवणारा मध्यस्तराचाच दुहेरी पडदा. मी काही न बोलता ती पट्टी वर्गाला दाखवली. मामाच्या दुकानवाला मागून ओरडला, मॅडम कोंबडीत पण असते ही, आतडी ओढली की पातळ चकचकीत पडदा ताणला जातो. मग त्याला उभं करून सगळं सांगायला लावलं, मागून काप देऊन बोटं आत सरकवली की आतडी, कलेजी, पेठा सगळं एकदम कसं निघून येतं, कारण भिंतीला चिकटलेलं नसतं, फक्त फुफ्फुसं बरगड्यांना घट्ट असतात ती खरवडून काढावी लागतात. दुकानात कोणाला न्यावं लागलं नाही.

इथे एक छोटा निर्णय घ्यावा लागला. नीटसाठी पोरं एनसीईआरटी वाचतात, त्यात फसव्या देहगुहेचं वाक्य असं की मध्यस्तर सुट्या पिशव्यांसारखा विखुरलेला असतो. आमच्या दुसऱ्या बाहीशी ते जुळत नाही. मी दोन्ही सांगितलं, परीक्षेत पुस्तकातलं वाक्य, डोक्यात बाही. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल, म्हणो.

आजोबांचं पाणी

माणसाच्या शरीराचा प्रश्न अजून लटकलेला होता. सिन्नरकडच्या एका मुलाने विचारलं, "आमच्या आजोबांना जलोदर झाला होता, डॉक्टरांनी पोटात सुई घालून पाणी काढलं. ते पाणी जठरातलं होतं का?"

मी उत्तर दिलं नाही, वर्गाला विचारलं. दहा मिनिटं नुसता गोंधळ. एक म्हणे पाणी जास्त प्यायले असतील. दुसरी म्हणे जठरात पाणी असतं तर उलटीतून निघालं नसतं का, सुई कशाला. मग त्या शिलाईवाल्या मुलीने तिसरी बाही उचलली, पिवळ्या नळीत बोट घालून म्हणाली इथे नाही, आणि लाल-लालच्या मधे हात घालून म्हणाली इथे.

बास. तिथून पुढे सगळं सुटत गेलं. छातीत पाणी झालंय म्हणतात ते फुफ्फुसात नसतं, फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या दुहेरी आवरणाच्या मधे. हृदयाभोवती तशीच एक. म्हणजे आपली देहगुहा एक सलग राहिलेली नाही, हृदयाभोवतीची, दोन फुफ्फुसांभोवतीच्या आणि उदराची अशी वाटली गेलीय. कोणाच्या तरी काकांचं पोटाचं डायलिसिस चालू होतं, तेही याच उदराच्या पोकळीत द्रव सोडून, आणि तिच्या अस्तरातूनच रक्तातली घाण त्या द्रवात उतरते. मग हायड्रा हा पाण्यातला नळीसारखा छोटा प्राणीही आपोआप निकालात निघाला, त्याच्या आतली पोकळी म्हणजे पिवळ्या नळीच्या आतली, तिथेच अन्न पचतं, ती देहगुहा नव्हे.

टोमॅटोच्या मुळ्या आणि गांडूळखताचा बेड

आता वर्गीकरण. निफाड तालुक्यातल्या एका मुलीच्या शेतात टोमॅटोच्या मुळांना गाठी आल्या होत्या, सूत्रकृमी, म्हणजे गोलकृमीच. तिने ती मुळं आणली आणि घरच्या गांडूळखताच्या बेडमधली चार गांडुळंही डब्यात ओल्या मातीसकट. दोघांना आपण कृमी-किडे एकाच दमात म्हणतो, तर बघू.

गाठ पाण्यात चिरली, थेंब स्लाइडवर, मायक्रोस्कोपमधून 100 पट. केसाच्या तुकड्यासारखी पिल्लं, नुसती इंग्रजी एससारखी वळवळ, पण लांबी-जाडी तसूभर बदलत नाही. शेजारी ताटात गांडूळ, पुढचा भाग बारीक होऊन लांब जातो, मग फुगतो, मग मागचं ओढून घेतो, लाट जाते अंगावरून. कारण आतलंच. गोलकृमीच्या भिंतीत फक्त उभे स्नायू, आत एकच सलग पोकळी आणि द्रव दाबाखाली भरलेला, त्यामुळे वाकता येतं, आखडता येत नाही. गांडुळात आडवे-उभे दोन्ही स्नायू आणि देहगुहेला कप्प्याकप्प्याने पडदे, म्हणून एक भाग फुगवून दुसरा बारीक करता येतो. एकाने गांडूळ जरा जास्तच डिवचलं तर अंगावर पिवळसर द्रव आला आणि वास सुटला. खताच्या बेडमधल्या आयसेनिया फेटिडाची ही खोडच आहे, तो द्रव देहगुहेतलाच. ज्याने डिवचलं त्याला हात धुवायला पाठवलं आणि गांडुळं परत डब्यात.

संध्याकाळी मुलीचे वडील घ्यायला आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमच्यात दोनच जाती. गांडूळ आपलं, सूत्रकृमी वैऱ्याची. आत पोकळी कुठली का असंना." त्यावर मी काय बोलणार.

सगळ्यात अवघड निर्णय

इथपर्यंत छान चाललं होतं. मग एका हुशार मुलाने विचारलं, मॅडम म्हणजे आधी पोकळी नाही, मग फसवी, मग सत्य, अशी प्रगती होत गेली का? पुस्तकातलं टेबल बघून असंच वाटतं, जिना आहे जसा.

आणि हे तसं नाही. 1997 मध्ये डीएनएवर आधारलेल्या एका अभ्यासाने गोलकृमींना थेट झुरळ-खेकड्यांच्या जवळ नेऊन बसवलं, कात टाकणारे प्राणी असा एकच गट केला. गोलकृमी वाढताना चार वेळा कात टाकते, झुरळही टाकतं, नुकतं कात टाकलेलं पांढरं झुरळ सगळ्यांनी बाथरूममध्ये पाहिलेलं असतं. उलट देहगुहाच नसलेल्या चपट्या कृमी गांडूळ आणि गोगलगायींच्या बाजूला गेल्या. म्हणजे पोकळी शरीराची ठेवण सांगते, नातं सांगेलच असं नाही, ती वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळी बदलत गेली. आणि झुरळ स्वतः सत्य देहगुहावालं म्हणतात, पण त्याची मुख्य पोकळी रक्ताने भरलेली हीमोसील, खरी देहगुहा आक्रसून जननग्रंथींपुरती उरलेली.

हे अकरावीला सांगायचं का? सीनियर सर म्हणाले अजिबात नको, पेपरला घोळ करतील. मी सांगितलं, सगळं, एका तासात, उत्साहाच्या भरात.

निकाल

चार आठवड्यांनी न सांगता तोच जुना प्रश्न परत टाकला, देहगुहा कुठे आहे. 38 पैकी 33 बरोबर. कोरी जागा एकच. एमसीक्यूत फरक जवळपास शून्य, ते आधीच बरोबर होते.

पण सरांचं भाकीतही खरं ठरलं. कॉलेजच्या युनिट टेस्टला, अस्केल्मिन्थिसची (म्हणजे गोलकृमींच्या गटाची) दोन लक्षणं लिहा या प्रश्नाला त्या हुशार मुलाने लिहिलं की फसवी देहगुहा हा आता नैसर्गिक गट मानत नाहीत. मार्क शून्य. विधान बरोबर आणि विचारलेलं उत्तर नाही. आणखी तिघांनी झुरळाला देहगुहाहीन करून टाकलं, हीमोसील ऐकून. त्या मुलाची आई मला भेटायला आली होती, शांतपणे बोलली पण मला बोचलं.

आम्ही दोन आठवड्यांऐवजी साडेतीन आठवडे मागे गेलो. वनस्पतींच्या वर्गीकरणाचे दोन तास मी रविवारी घेतले, पोरांनी तोंडं वाकडी केली.

परत करायचं झालं तर

बिनमार्कांचा प्रश्न टेस्टच्या शेवटी न टाकता धडा सुरू करायच्या आधी विचारीन. तेव्हा जठर हे उत्तर आलं असतं तर महिना वाचला असता.

बाटल्या नाहीतच. थेट बाह्या. त्या मुलीच्या आईला पुढच्या बॅचसाठी अजून दोन सेट शिवायला सांगितलेत, पैसे घ्यायला तयार नव्हती, शेवटी कापडाचे तरी घेतले.

1997 चा भाग सांगेन, पण वेगळ्या दिवशी, युनिट टेस्ट झाल्यानंतर, आणि फळ्याचे दोन भाग करून, डावीकडे पेपरात काय लिहायचं, उजवीकडे आज काय मानतात. झुरळ त्याच तासाला घ्यायचं नाही, त्याला स्वतंत्र तास, सोबत कोळंबी.

आणि गुहा हा शब्द पुस्तकात आहे म्हणून बदलता येणार नाही, पण पहिल्याच वाक्यात सांगून टाकीन की ही पांडवलेण्यासारखी गुहा नाही, ही ब्लाऊजचं कापड आणि अस्तर यांच्यामधल्या जागेसारखी आहे. मग कोणीतरी म्हणेलच की मॅडम ब्लाऊजमध्ये अस्तर एकाच बाजूला असतं, मग ती फसवी झाली ना. म्हणू दे, तिथूनच सुरू करीन.